मेजर कोणता घेऊ, आणि एका वर्षात थांबू का?

प्रश्न : मॅडम, मी निफाड तालुक्यात राहते. एफवाय बीएस्सीची परीक्षा नुकतीच दिली. माझे तीन विषय आहेत : केमिस्ट्री, बॉटनी आणि झूलॉजी. आता एसवायच्या फॉर्ममध्ये एक मेजर (मुख्य विषय) आणि एक मायनर (जोडीचा विषय) लिहायचा आहे, तिसरा सोडायचा आहे. सगळे म्हणतात केमिस्ट्रीला स्कोप आहे, तोच मेजर घे. पण पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्रीच्या थिअरीत माझी एटीकेटी लागली, म्हणजे तो पेपर राहिला. बॉटनी मला आवडते. आमची द्राक्षबाग आहे. प्रॅक्टिकलला मॅडमनी मायक्रोस्कोपखाली द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचं पान दाखवलं, तेव्हा पप्पा ज्याच्यासाठी रात्री दोनला उठून फवारायला जातात ते हेच, हे मला पहिल्यांदा दिसलं. घरी येऊन मी त्यांना चित्र काढून दाखवलं. पण बॉटनी घेऊन पुढे काय, असं कोणी विचारलं तर मला उत्तर येत नाही. शिवाय ओई, एसईसी, आयकेएस, व्हीईसी असले विषय कशासाठी आहेत तेच कळत नाही. कॉमर्सचा एक विषय का शिकायचा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, काका म्हणतात की नव्या धोरणात एका वर्षातही सर्टिफिकेट मिळतं, मग पुढची फी कशाला? घरात माझ्या लग्नाचा विषय निघालाय. आई काही बोलत नाही. मार्कशीटचा फोटो जोडला आहे.

उत्तर : तू 'सगळ्यात महत्त्वाचं' असं लिहून जे शेवटी ठेवलंस, त्याचं उत्तर मी आधी देते. फॉर्मची तारीख जवळ आहे आणि काकांचं बोलणं घरात रोज चालू असणार.

काका म्हणतात ते अर्धं खरं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 साली आलं, आपल्या राज्यात संलग्न महाविद्यालयांना ते 2024-25 पासून लागू झालं, आणि त्यात मधेच बाहेर पडायची सोय आहे. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी. पण पहिलं वर्ष संपलं की सर्टिफिकेट आपोआप हातात पडतं, असं नाही. वर्षाची सगळी क्रेडिट, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेली एककं, पूर्ण हवीत, आणि त्यावर 4 क्रेडिटचा एक जादा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. तुझी एक एटीकेटी बाकी आहे. म्हणजे आज तू थांबलीस तर तुझ्या हातात सर्टिफिकेटसुद्धा येत नाही. हे काकांना शांतपणे सांग, मार्कशीट समोर ठेवून.

आणि समजा, ते मिळालं. त्याचा उपयोग काय? एमपीएससीची राज्यसेवा असो, बँकेतली अधिकाऱ्याची जागा असो, बीएड असो की एमएस्सी, सगळीकडे अर्जाच्या पहिल्या पानावर एकच शब्द असतो, 'पदवीधर'. एका वर्षाचं सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे. ज्या मुलाला किंवा मुलीला घरच्या आजारपणापायी, पैशापायी खरोखरच थांबावं लागतं, तिचं झालेलं शिक्षण मातीत जाऊ नये म्हणून ही सोय केली आहे. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि पहिल्या प्रवेशापासून सात वर्षांत पदवी पूर्ण करायची मुभा आहे. अडलेल्यासाठी ठेवलेलं दार आहे ते. चालणाऱ्या मुलीला त्या दारातून बाहेर काढण्यासाठी ते केलेलं नाही. मी 30 वर्षं शिकवलं. लग्नानंतर 'पुढच्या वर्षी येते मॅडम' असं सांगून गेलेल्या मुली मला आठवतात. परत आलेल्या मी एका हाताच्या बोटांवर मोजीन.

आई बोलत नाही, असं तू लिहिलंस. बोलत नाही म्हणजे तिला मान्य आहे असं समजू नकोस. तिच्याशी एकटीने बोल. पप्पांना तू डाऊनीचं चित्र काढून दाखवलंस आणि त्यांनी ते पाहिलं, म्हणजे ते ऐकणारे आहेत. या दोघांना आधी विश्वासात घे. काकांशी मग तेच बोलतील.

आता मार्कशीट. तुला वाटतंय की केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी हा अभ्यास आणि बाकीचं सगळं भरतीचं. तू पाठवलेल्या फोटोवरून जरा बेरीज कर. पहिल्या सेमिस्टरला एकूण 22 क्रेडिट आहेत. तीन विषयांची प्रत्येकी 4, म्हणजे 12. उरलेली 10 क्रेडिट त्या 'कशासाठी आहेत तेच कळत नाही' अशा चार विषयांची आणि भाषेच्या एका विषयाची आहेत, प्रत्येकी 2. जवळजवळ अर्धं सेमिस्टर.

पदवीसाठी तुमच्या आराखड्यात सहा सेमिस्टरची मिळून 132 क्रेडिट आहेत. पण नुसती बेरीज जुळून भागत नाही. ही 132 वेगवेगळ्या कप्प्यांत वाटलेली आहेत आणि प्रत्येक कप्पा आपापला भरावा लागतो. बॉटनीचे दोन पेपर जास्त केले म्हणून पर्यावरणाच्या 2 क्रेडिटचा कप्पा भरत नाही. दळणाचा डबा भरून वाहिला तरी तेलाची बरणी रिकामीच राहते, तसं.

जुन्या पॅटर्नमध्ये दुसऱ्या वर्षाला पर्यावरणाचा एक सक्तीचा पेपर असायचा. त्याचे गुण क्लासमध्ये धरत नसत, म्हणून मुलं त्याच्याकडे ढुंकून पाहत नसत. आमच्याकडचा एक हुशार मुलगा, तिसऱ्या वर्षाला फर्स्ट क्लास, नोकरीचं पत्र हातात. पदवी प्रमाणपत्र काढायला गेला तर कळलं की पर्यावरणाचा प्रकल्प जमाच केलेला नाही. कंपनी थांबली नाही. दोन वर्षांत त्याला कोणी सांगितलं नाही, आणि त्याच्या शिक्षकांपैकी एक म्हणून हे माझ्याही मनाला लागून राहिलं आहे. तेव्हापासून मी प्रत्येक वर्गाला पहिल्या दिवशी हेच सांगत आले : छोट्या विषयावर पदवी अडते, मोठ्यावर क्वचितच.

हे कप्पे कशाकशाचे आहेत ते एकदा सांगते. एईसी म्हणजे भाषा, इंग्रजी आणि एक भारतीय भाषा. व्हीईसी म्हणजे पर्यावरण, संविधान असे मूल्यशिक्षणाचे विषय. आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरा. एसईसी म्हणजे हाताला उपयोगी पडेल असं कौशल्य. व्हीएससीही कौशल्याचाच, पण तो तुझ्या मेजरला जोडलेला असतो, त्यामुळे तो मेजर ठरल्यावर उघडतो. सीसी म्हणजे एनएसएस, खेळ, योग, सांस्कृतिक. पुढे फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचं काम येतं. आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष एखाद्या ठिकाणी जाऊन केलेलं काम. त्याबद्दल खाली जास्त लिहिते, कारण तुझ्यासाठी तो कप्पा सोन्यासारखा आहे.

कॉमर्सचा विषय का, हा तुझा प्रश्न. ओई हा मुद्दामच आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो, शासन निर्णयातच तसं म्हटलं आहे. सायन्सच्या मुलीला कला किंवा वाणिज्य शाखेतलाच घ्यावा लागतो. बहुतेक मुलं 'कोणता सोपा जातो' एवढंच विचारून तो निवडतात, आणि मला ते फार वाईट वाटतं. तुझ्या घरी द्राक्षबाग आहे. पीककर्ज आहे, व्यापाऱ्याशी हिशेब आहे, कधी पैसे बुडालेही असतील. हिशेबलेखनाची, सहकाराची, मार्केटिंगची किंवा बँकिंगची ओळख करून देणारा ओई तुमच्याकडे असेल तर तो घे, आणि शिकलेलं पहिलं प्रकरण घरच्या वहीवर लावून बघ. यातलं काही नसेल तर अर्थशास्त्राचा घे.

आता मुख्य गोष्ट. मेजर.

13 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने पहिल्या वर्षाला तीन विषय बरोबरीने ठेवले, ते याचसाठी की अठरा वर्षांच्या मुलीला बारावीच्या निकालाच्या आठवड्यात आयुष्याचा विषय ठरवायला लागू नये. तिने वर्षभर तिन्ही चाखून बघावेत. तुझं ते वर्ष झालं. तू चाखलंस. आणि पत्रात काय लिहिलंस ते परत वाच. केमिस्ट्रीबद्दल पाऊण ओळ, तीही 'सगळे म्हणतात' अशी. झूलॉजीबद्दल एक शब्द नाही. बॉटनीबद्दल पाच वाक्यं, त्यात रात्रीचे दोन वाजलेले, त्यात पप्पा, त्यात चित्र.

पण आवड एवढ्याच कारणावर मेजर ठरवावा असं मी कधी म्हणणार नाही. मेजर ठरवताना तिसऱ्या वर्षाच्या शेवटी उभं राहून मागे बघायचं असतं. पदवीनंतर मला कुठे जायचं आहे, आणि तिथल्या दारावर काय लिहिलं आहे? ते बघून मग एसवायचा फॉर्म भरायचा. मुलं उलट करतात. आधी फॉर्म भरतात, मग दारापाशी जाऊन पाटी वाचतात.

चल, पाट्या वाचू.

तीन वर्षं झाल्या झाल्या नोकरी हवीच असेल, घराची तशी गरज असेल, तर केमिस्ट्री मेजर खरोखर जास्त उपयोगी आहे. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत, औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये केमिस्ट्रीची पदवी विचारतात. सगळे म्हणतात ते उगाच म्हणत नाहीत. बॉटनीच्या नुसत्या तीन वर्षांच्या पदवीवर तेवढ्या जागा नाहीत, हे तुला आधीच माहीत असायला हवं. बॉटनी घेणाऱ्याने पुढे शिकायची तयारी ठेवूनच ती घ्यावी.

बॉटनी मेजरने एमएस्सी बॉटनीचं दार सरळ उघडतं, आणि त्यात वनस्पतींच्या रोगांवरचा विशेष अभ्यास बऱ्याच ठिकाणी असतो. तुझं डाऊनीचं पान तिथे आहे. एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाक. कृषी विद्यापीठातली एमएस्सी ॲग्री वेगळी. तिला मुख्यतः कृषीचीच पदवी लागते. बीएस्सी बॉटनी करून आपण राहुरीला प्लँट पॅथॉलॉजीला जाऊ, असं धरून चालणारी मुलं मी पाहिली आहेत आणि शेवटच्या वर्षी त्यांची पडलेली तोंडंही पाहिली आहेत. आयआयटीत एमएस्सीसाठी जॅम ही परीक्षा असते. त्यात केमिस्ट्रीचा पेपर आहे, बायोटेक्नॉलॉजीचा आहे, बॉटनीचा स्वतंत्र नाही. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा असते. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला यूपीएससी जे विषय पदवीला मागते त्यांत वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र तिन्ही आहेत, त्यामुळे ते दार तुझ्यापुढे आहेच. एमपीएससीच्या राज्यसेवेला कुठल्याही शाखेची पदवी चालते. तेवढ्यासाठी मेजर बदलण्यात अर्थ नाही.

आणि काम कुठे असतं? पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाच्या टिश्यू कल्चरचं, म्हणजे लॅबमध्ये पेशींपासून रोपं वाढवण्याचं, काम चालतं. जळगाव भागात केळीची टिश्यू कल्चरची रोपं तयार करण्याचा मोठा उद्योग आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. मांजरीलाच 1997 साली स्थापन झालेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तुझ्या पप्पांना ते नक्की माहीत असणार. यातल्या संशोधनाच्या जागांना एमएस्सी आणि त्यापुढचं शिक्षण लागतं. नर्सरी आणि टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये त्याआधीही शिरकाव होतो, पगार सुरुवातीला बेताचा असतो.

माझं मत विचारशील तर बॉटनी मेजर, केमिस्ट्री मायनर. आणि मायनर म्हणजे दुय्यम असं समजून नव्हे.

तुझ्या बागेत बोर्डो मारतात ना? मोरचूद आणि चुना. ते मिश्रण डाऊनीवर चालतं हे फ्रान्समध्ये 1885 साली जगापुढे आलं. बोर्डो विद्यापीठातले मिलार्दे हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या जोडीला गेयों हे रसायनशास्त्राचे. एकाला रोग कळत होता, दुसऱ्याला तांबं कळत होतं. दोघांनी मिळून ते सिद्ध केलं आणि आज सव्वाशेहून जास्त वर्षांनी निफाडच्या शेतकऱ्याच्या टाकीत ते आहे. आणि जवळचं उदाहरण हवं असेल तर पप्पांना 2010 सालाबद्दल विचार. लिहोसीनमधल्या क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून त्या वर्षी युरोपने आपली द्राक्षं अडवली आणि कित्येक घरं हलली. झाडाची वाढ रोखण्यासाठी मारलेलं औषध फळात किती राहतं, हा प्रश्न अर्धा बॉटनीचा आहे आणि अर्धा केमिस्ट्रीचा. आज निर्यातीच्या प्रत्येक बागेचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे फळातल्या औषधाच्या अंशाचा अहवाल, काढावा लागतो. ज्या लॅबमध्ये तो निघतो तिथे यंत्रावर केमिस्ट्रीवाले बसतात, पण झाडाला काय होतंय हे कळणारा माणूसही लागतो. तू दोन्ही भाषा बोलणारी होऊ शकतेस. झूलॉजी सोड, बिनधास्त सोड.

एटीकेटी आहे म्हणून केमिस्ट्रीला घाबरू नकोस, तो पेपर निघेल. पण ती लटकतही ठेवू नकोस. ग्रेडचा हिशेब कसा असतो पाहा. प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट गुणिले त्याची क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. त्या 2 क्रेडिटच्या थिअरीत तुला आज शून्य पॉइंट आहेत. तिथे 8 असते तर 16 गुणांकांची भर पडली असती, आणि 16 भागिले 22 म्हणजे जवळजवळ पाऊण. एका छोट्या पेपरने तुझा एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची ही सरासरी, पाऊण अंकाने खाली ओढला आहे. पास झालीस की तो भरून निघेल. आणि तिसऱ्या वर्षात जाताना पहिल्या वर्षाची थकबाकी आडवी येते, तेव्हा येत्या परीक्षेचा फॉर्म निघेल त्या दिवशी तो भर. अभ्यास मात्र वेगळ्या पद्धतीने कर. तुझं प्रॅक्टिकल उत्तम निघालं आहे आणि थिअरी गेली आहे, म्हणजे समज आहे, लिहिण्याचा सराव नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव आणि सरांना तपासायला दे. कुठलाही सर नाही म्हणत नाही, विचारणारं कोणी येतच नाही.

ओजेटीबद्दल लिहिते म्हटलं होतं. हा 4 क्रेडिटचा कप्पा म्हणजे साधारण 120 तास प्रत्यक्ष काम. तो बहुधा तिसऱ्या वर्षी येतो. तेव्हा मुलांची पळापळ होते, कोणाच्या तरी ओळखीने शिक्का मिळवतात आणि 120 तास कागदावर होतात. तू असं करू नकोस. तुझ्या भोवती पिंपळगाव आहे, लासलगाव आहे, द्राक्षाची पॅकहाऊस आहेत, नर्सऱ्या आहेत. नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत एकदा जाऊन भेटून ये. तुमची ऑक्टोबर छाटणी उरकलेली असेल, डाऊनीचा जोर तेव्हाच असतो. त्याआधी फील्ड प्रोजेक्ट येईल. त्याचा विषय मी तुला आजच देते : तुमच्या वस्तीवरच्या दहा बागा, छाटणीची तारीख, पहिला डाग दिसल्याची तारीख, पाऊस, फवारण्या. पानं गोळा कर, मायक्रोस्कोपखाली बघ, चित्र काढ. पांढरी बुरशी पानाच्या खालच्या अंगाला आहे की वरच्या, एवढं नोंदवलंस तरी डाऊनी आणि भुरी हे दोन रोग वेगळे करता येतात, हे तुला आता माहीत आहेच. तुझ्या मॅडम खूश होतील. आणि एमएस्सीच्या मुलाखतीत 'काय केलंस' असं विचारलं तर तुझ्याकडे सांगायला काहीतरी स्वतःचं असेल.

या सगळ्याची नोंद ठेवायला एक वही कर. निर्यातीची बाग असेल तर तुझे पप्पा फवारणीची नोंदवही ठेवतच असतील : तारीख, औषध, प्रमाण, काढणीला किती दिवस बाकी. तशीच. डाव्या बाजूला कप्प्यांची नावं, त्यापुढे पदवीला किती क्रेडिट लागतात, किती झाली, किती राहिली. हा आराखडा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाच्या पहिल्या दोन-तीन पानांवर असतो. पुढच्या दोनशे पानांत पेपरांचा तपशील असतो, तो नंतर बघ. तुझ्या वर्षाचा पॅटर्न आहे ना, एवढं वर छापलेलं तपासून घे. ताईच्या, मैत्रिणीच्या जुन्या पॅटर्नवर विसंबू नकोस, दोन वर्षांत पुष्कळ बदललं आहे. समजलं नाही तर ती वही घेऊन विभागप्रमुखांकडे जा. नुसतं 'सर, मला काही कळत नाही' म्हटलं तर सरांनाही कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. 'सर, हा रकाना रिकामा आहे, तो कोणत्या सेमिस्टरला भरतो?' असं विचारलं की उत्तर मिळतं.

स्वयम पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स करून क्रेडिट घेता येतात, शिकायला फुकट आहेत, परीक्षेला फी असते. पण कॉलेजची आधी लेखी मंजुरी घे. परीक्षा दिल्यावर 'हा आमच्या यादीत नाही' असं ऐकण्यासारखं दुःख नाही.

आणि क्रेडिट बँक, म्हणजे तुझी क्रेडिट जिथे ऑनलाइन जमा होतात ते खातं. कॉलेजने तुझा एबीसी आयडी, म्हणजे आता ज्याला अपार म्हणतात तो, काढून घेतला असेल. डिजिलॉकरमध्ये जाऊन स्वतः उघडून बघ. आधारवर तुझं नाव आणि मार्कशीटवरचं नाव तंतोतंत एकच आहे का? आपल्याकडे आडनाव आधी, वडिलांचं नाव मधे, कधी आईचंही जोडलेलं, आणि स्पेलिंगची तर तऱ्हाच. नाव जुळलं नाही तर क्रेडिट जमा होताना अडतात. हे आत्ता दुरुस्त करायला दोन चकरा लागतील, शेवटच्या वर्षी वीस.

तीन वर्षांनंतर ऑनर्स पदवीसाठी चौथं वर्षही करता येतं. त्याचं तू विचारलेलं नाहीस, पण कोणीतरी विचारेलच. तीन अधिक दोन वर्षांची एमएस्सी किंवा चार अधिक एक, दोन्हीकडे पाचच वर्षं. संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर सहा सेमिस्टरना 75 टक्के किंवा तेवढ्या तोलाचा सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी, लागतो, आणि पीएचडीचे मार्गदर्शक असलेला विभागही लागतो. तालुक्याच्या ठिकाणी तो असतोच असं नाही. हा निर्णय तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर घे. आज घरात चार वर्षांचा आकडा उच्चारूसुद्धा नकोस. आधीच एकाचे तीन होताना काकांना जड जातंय.

घरी बोलायला बसशील तेव्हा एवढं कर. पप्पा, आई, दोघं असताना तीन कागद समोर ठेव. मार्कशीट, क्रेडिटचा आराखडा, आणि तू काढलेलं ते डाऊनीचं चित्र. पुढच्या दोन वर्षांची फी आणि बसच्या पासचा खर्च एका ओळीत लिहून ने. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर तुझ्या प्रवर्गातून आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर काय मिळतं, ते कॉलेजच्या ऑफिसातून आधीच विचारून ने. आकडा समोर असला की 'फी कशाला' या प्रश्नाला घरातली मोठी माणसंच उत्तर देतात.

आणि फॉर्म भरलास की पावती हातात घेऊन खिडकीपाशीच उभी राहा. मेजरच्या रकान्यात काय छापलंय आणि मायनरच्या रकान्यात काय, ते तिथेच वाच. उलटसुलट झालेलं असलं तर त्याच दिवशी, त्याच खिडकीवर, लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घे.